ब्रेगेन्झला अडकलेला ठिपका: सांगलीत बसून फॉलो केलेल्या युरोप ट्रिपचं एक प्रकरण

आमच्या शाळेच्या ग्रुपातला एक गडी मागं एका पावसाळ्यात एकटाच पाठीवर सॅक टाकून युरोप फिरून आला. ट्रिप भारी झाली, फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यावर हे लिहीत नाही. लिहितोय ते त्यातल्या साधारण दीड दिवसाबद्दल, जेव्हा गडी गायब होता आणि आम्ही सगळे इथं सांगलीत फोन धरून बसलो होतो. पुढच्या वर्षी ग्रुपातले अजून दोघंतिघं जायचं म्हणतायत, आणि सॅकमध्ये काय भरायचं यावर शंभर व्हिडिओ सापडतात पण मागं घरी राहणाऱ्यांनी काय करायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर.

नावं घालत नाही, ग्रुपात जो ज्या नावानं ओळखला जातो तेच वापरतो. मेडिकलवाला, विमेवाला, बँकवाली, पुण्यातला आयटीवाला. गड्याचे आईबाबा म्हणजे आमचे काका-काकू, घर कर्नाळ रोडच्या बाजूला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी तयारी कशी होती ते सांगतो, कारण घोळाचं मूळ तिथंच आहे. शेंगेनचा व्हिसा काढला, फी ९० युरो, एका व्हिसावर २९ देश, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल कव्हर असलेला विमा लागतो, तो विमेवाल्यानं काढून दिला, त्यामुळं पासपोर्टची कॉपी आणि पॉलिसी त्याच्याकडं. रेल्वेचा पास युरेलचा (इंटररेल तिथं राहणाऱ्यांसाठी असतो, आपल्यासाठी युरेल). पास असला तरी रात्रीच्या गाडीला आणि इटली-फ्रान्सच्या फास्ट गाड्यांना रिझर्वेशनचे वेगळे पैसे पडतात, ते बँकवालीनं तिच्या क्रेडिट कार्डावरून भरले, म्हणजे गाड्यांच्या तारखा तिच्या मेलवर. हॉस्टेलची बुकिंग गड्याच्या स्वतःच्या मेलवर. आणि भारतातलं सिम? ते त्यानं घरी ठेवलं, एका जुन्या बटणाच्या फोनमध्ये, काकांकडं. रोमिंग पॅक महाग पडतो, आणि बँकेचा ओटीपी आला की काकांनी फोनवर वाचून दाखवायचा अशी आयडिया. रोमला उतरल्यावर तिथलं टुरिस्ट सिम घेतलं.

म्हणजे बघा, हॉस्टेलचं सोडलं तर बाकी सगळी माहिती सांगलीतच होती, फक्त एकीकडं नव्हती, तीन घरांत तीन तुकडे.

फॉलो करायचं म्हणजे आम्ही लय जोरात केलं. रोज सकाळी तिथल्या आठला त्याचा सेल्फी पडायचा, म्हणजे आपले साडेअकरा, तिथल्या उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. मेडिकलवाला काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना फोटो झूम करायचा. प्रागचा चार्ल्स ब्रिज १३५७ ला बांधायला घेतला असं त्यानं टाकलं तर आपला सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा आहे यावर अर्धा दिवस चर्चा, कुठला जास्त टिकेल वगैरे. ट्रेनमध्ये बसला की लाइव्ह लोकेशन ऑन, आणि मग इकडं लोकांचे जेवता जेवता अंदाज, आता कुठलं गाव आलं, आता बोगद्यात गेला. ग्रुपही वाढत गेला, मेव्हणे आले, कुणाचे नवरे आले, ज्यांनी गड्याला कधी बघितलं नाही ते पण गुड मॉर्निंग घालायला लागले. काकू ग्रुपात नव्हत्या, त्यांना बँकवाली रोज संध्याकाळी फोटो दाखवायची.

ह्यात एक गोष्ट चुपचाप घडत होती जी तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. इतका नियमित अपडेट यायला लागला की तो न येणं हीच बातमी झाली. पूर्वी माणूस परदेशी गेला की पंधरा दिवसांनी पत्र यायचं आणि घरचे झोपायचे तरी. इथं दोन तास मेसेज नाही म्हटल्यावर प्रश्न सुरू.

त्याच आठवड्यात इकडं पाऊस लागला. कोयनेतून विसर्ग वाढवला, आयर्विनला पाणी चाळीस फुटांच्या वर गेलं, म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका. सांगलीकराला हे आकडे पाठ असतात, २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यानं बघितलंय त्याला चाळीस म्हटलं तरी पोटात गोळा येतो. आणि कर्नाळ रोडची बाजू म्हणजे पाणी आधी जिथं शिरतं त्यातली. काकांनी खालच्या खोलीतलं सामान वर चढवायला घेतलं, महत्त्वाचं तेवढं पिशव्यांत भरून सांगलीतल्याच विश्रामबागला पाहुण्यांकडं पोचवलं. आणि ग्रुपात ठरलं की पाण्याचं गड्याला काही सांगायचं नाही, ट्रिप कशाला खराब करायची पोराची. ठरवलं कुणी? कुणीच नाही. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी अंगठा दाखवला.

आता तो दिवस. सकाळी म्युनिकहून झुरिकची गाडी, तिथून बर्न, मग इंटरलाकेन, मग लाउटरब्रुनेनला मुक्काम. ही म्युनिक-झुरिक गाडी मजेशीर आहे, जर्मनीतल्या लिंडाऊवरून जाते, मग थोडा वेळ ऑस्ट्रियातून जाते, तिथं ब्रेगेन्झ लागतं, आणि लगेच सांक्ट मार्ग्रेथेनला स्वित्झर्लंड सुरू. तासाभरात तीन देश, आणि हे सगळं एका मोठ्या तळ्याच्या काठानं, ज्याला ते बोडनझे म्हणतात. गड्यानं म्युनिकला गाडीत बसताना आठ तासांचं लाइव्ह लोकेशन टाकलं होतं (व्हॉट्सॲपमध्ये जास्तीत जास्त आठच मिळतात). साडेचारच्या सुमाराला, म्हणजे तिकडं दुपारी एक, मॅपवरचा त्याचा ठिपका ब्रेगेन्झच्या पुढं थोडा सरकला आणि थांबला. तळ्याच्या अगदी कडेला.

सांगलीत पाणी थांबलं की चांगली बातमी असते. ठिपका थांबला की उलटं.

पहिला तास कुणी काही बोललं नाही, गाडी थांबली असेल. मग मेसेज टाकले, एकच टिक. फोन लावला, इटालियन बाई काहीतरी बोलते आणि कट. सातला आयटीवाल्यानं झूम करून स्क्रीनशॉट टाकला, ठिपका आणि निळं पाणी, आणि खाली लिहिलं की हा काय तळ्यात गेला का. तो चेष्टेत बोलला होता. पण तो स्क्रीनशॉट ग्रुपातून बाहेर पडला, कुणाच्या तरी मेव्हण्याकडून कुणाच्या तरी वहिनीकडं, आणि आठ वाजता काकूंच्या शेजारणीनं काकूंना विचारलं, पोराचं काही कळलं का हो. काकू वरच्या मजल्यावर तांदळाच्या डब्यांबरोबर बसलेल्या, खाली काका पायरीवर पाण्याची खूण बघतायत. तिथून पुढं सगळं विस्कटलं.

रात्री साडेदहाला आठ तास संपले आणि मॅपच्या जागी लाइव्ह लोकेशन संपलं असं दिसायला लागलं. ज्यांना माहिती नव्हतं त्यांनी अर्थ काढला की कुणीतरी बंद केलं. मग एका महाशयांनी रेल्वे अपघाताचा एक जुना व्हिडिओ टाकला, कुठल्या देशातला, कधीचा, काही पत्ता नाही, खाली ‘हीच गाडी का?’ एवढंच. अशा माणसाला ग्रुपातून काढायला पाहिजे होतं, पण तो कुणाचा तरी पाहुणा होता ना.

त्या रात्री काय काय केलं गेलं ते सांगतो, कारण सगळं चुकीचं नव्हतं पण उलट्या क्रमानं होतं. बँकवालीनं म्युनिकच्या हॉस्टेलला फोन लावला, ते म्हणाले पाहुण्यांची माहिती फोनवर देत नाही. त्यांचं बरोबर होतं, युरोपात २५ मे २०१८ पासून डेटा प्रायव्हसीचा कायदा कडक आहे, आणि समोर फोनवर कोण बोलतंय हे त्यांना कसं कळणार. पुढच्या हॉस्टेलचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. एकानं ११२ लावला, युरोपात सगळीकडं चालतो म्हणून, आणि लागला तो आपल्याच महाराष्ट्र पोलिसांना, कारण इथून ११२ लावल्यावर आपलाच लागणार. दूतावासाला मेल करायचा तर कुठल्या? ठिपका तीन देशांच्या टोकावर. जर्मनी धरलं तर म्युनिकमध्ये वकिलात आहे, ऑस्ट्रिया धरलं तर व्हिएन्ना, स्वित्झर्लंड धरलं तर बर्न. यावर रात्री बारापर्यंत भांडण. परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, तिथं तक्रार टाकता येते, पण पासपोर्ट नंबर, शेवटचं ठिकाण, पुढचा मुक्काम, हे भरायला लागतं, आणि पासपोर्टची कॉपी ज्याच्याकडं होती तो विमेवाला त्या रात्री नातेवाइकांना पुरातून हलवायला गेलेला, फोन खिशात, खिसा भिजलेला.

प्रकरण सुटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, आणि सुटलं ते विश्रामबागेत.

बँकवाली रात्रभर झोपली नव्हती. सकाळी तिला स्ट्राईक झालं की गड्याचं फॉरेक्स कार्ड (परदेशात खर्चायला पैसे भरून नेतात ते) आहे, आणि कार्ड स्वाइप झालं की एसएमएस येतो, आणि एसएमएस जातो रजिस्टर्ड नंबरवर. नंबर म्हणजे घरचं सिम. सिम बटणाच्या फोनमध्ये. फोन कुठाय? काकांना आठवंना. टेबलाच्या खणात असायचा, खण रिकामा करून पिशवीत भरलेला, पिशवी पाहुण्यांकडं. ती चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातनं बाहेर आली, गाडी काढली, विश्रामबागला जाऊन एकेक पिशवी उपसली. घराचे कागद, पिठाची चाळण, देवाचे फोटो, आणि त्याखाली फोन, बॅटरीची एक काडी शिल्लक. त्यात बँकेचा मेसेज, आदल्या रात्री आपल्या नऊ वाजून काही मिनिटांचा. कार्डावरून खर्च, रक्कम सीएचएफमध्ये, पुढं दुकानाचं नाव आणि इंटरलाकेन.

सीएचएफ म्हणजे स्विस फ्रँक. म्हणजे ज्या वेळी काकू डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या त्या वेळी गडी इंटरलाकेनला सुपरमार्केटमध्ये ब्रेड-चीज घेत होता आणि त्याचा पुरावा घरच्याच सामानात होता.

ही बातमी ग्रुपात पडल्यावर निम्म्या लोकांनी हात जोडले आणि निम्म्यांनी विचारलं की कार्ड चोरीला गेलं असलं तर. हा प्रश्न तसा बरोबर होता, खोटं कशाला बोला. पण रक्कम किरकोळ, ठिकाण त्याच्या रूटवरचं, वेळ गाडीच्या टाइमटेबलशी जुळणारी. बँकवालीचं मत पडलं की थांबायचं, संध्याकाळपर्यंत काही नाही आलं तर बर्नच्या दूतावासाला लिहायचं. आता निदान कुठल्या दूतावासाला हे तरी ठरलं होतं. तेवढ्यात विमेवाला पण सापडला, पासपोर्टची कॉपी आली, मेल लिहून तयार ठेवला, पाठवला नाही. पूर्ण प्रकरणातला हा एकच निर्णय मला खरोखर पक्का वाटतो.

संध्याकाळी सातला गड्याचा मेसेज आला. पहिलं वाक्य होतं, ‘आयर्विनला किती?’

त्याच्या बाजूनं झालं होतं ते असं. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशातलं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं, म्हणून रोमचं सिम व्हिएन्नाला चाललं, प्रागला चाललं, म्युनिकला चाललं, आणि गड्याची खात्री झाली की सगळीकडं चालतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही. त्यामुळं व्हिसा चालतो, बॉर्डरवर सहसा कुणी पासपोर्ट विचारत नाही, युरेलचा पास चालतो, गाडी तीच, डबा तोच, आणि त्याच्या सिममध्ये नेमका तो देश नव्हता. काही कंपन्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड घालतात, काही घालत नाहीत, घेताना बारीक अक्षरात असतं. झुरिक स्टेशनवर वायफाय पकडायला गेला तर मोबाइलवर कोड येणार म्हणाले, आणि कोड यायला चालू नंबर पाहिजे.

बरं, हॉस्टेलला गेल्यावर तरी मेसेज करायचा. तर दिवसभर नेटवर्क शोधून शोधून फोन मेला होता, आणि चार्जिंगला लावायला गेला तर प्लग बसंना. इथून जाताना त्यानं आपला तीन पिनचा चार्जर जाड गोल ॲडॅप्टरमध्ये घालून नेला होता, तो जर्मनी-ऑस्ट्रियात झकास बसतो. स्विस सॉकेट निराळं, खोलगट षटकोनी, तीन बारीक भोकं. दोन बारीक पिनांचा साधा चार्जर असता तर बसला असता. पोचायला उशीर झालेला, रिसेप्शन बंद. सकाळी लवकर उठून फोन हॉस्टेलातच टाकून दरीत फिरायला गेला. लाउटरब्रुनेनला बहात्तर धबधब्यांची दरी म्हणतात, त्यातला श्टाउबबाख २९७ मीटरवरून पडतो, गावाच्या डोक्यावरच. गडी म्हणतो फोन नव्हता म्हणून ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच गेला. दुपारी परत येऊन रिसेप्शनवरून ॲडॅप्टर मागून घेतला, फोन चालू केला, वायफाय लावला, आणि शेकड्यांनी मेसेज, त्यात कुणीतरी नजरचुकीनं टाकलेली कर्नाळ रोडची क्लिप.

इथं ग्रुपात खरं भांडण झालं, आणि ते गायब होण्यावरून नाही झालं. गडी चिडला तो पाण्याचं लपवलं म्हणून. त्याचं म्हणणं, मी तुम्हाला रोज ठिपका दाखवतो आणि माझ्या घरात पाणी आलंय हे तुम्ही मला सांगत नाही. मेडिकलवाल्याचं म्हणणं, सांगून तू काय करणार होतास, तिथून बादल्या टाकणार होतास का. मला गड्याचं पटतं. तो म्हणाला की पाण्याचं आधी कळलं असतं तर बॉर्डर ओलांडायच्या आधी एक फोन नक्की केला असता, आणि तो बटणाचा फोन पिशवीत घालू नका एवढं तरी सांगितलं असतं. फॉलो करणं एकाच बाजूनं चाललं होतं, हा मोठा दोष, सिमपेक्षा मोठा. शिवाय बघणारे पन्नास आणि जबाबदार कोणीच नाही, त्यामुळं प्रत्येकाला वाटलं दुसरा कुणीतरी बघत असेल, आणि रात्री सगळेच एकदम बघायला लागले.

पाणी त्यावेळी पंचेचाळिसाच्या आत राहिलं आणि दोन दिवसांत उतरायला लागलं. खालच्या खोलीत चिखल झाला, फार नुकसान नाही.

उरलेल्या ट्रिपसाठी जे ठरलं ते असं, आणि पुढं जाणाऱ्यांनी हे आधीच करावं असं मला वाटतं. एका माणसाकडं सगळं: पासपोर्ट, पॉलिसी, हॉस्टेलची नावं आणि फोन, गाड्या. आमच्यात ती बँकवाली झाली, दुसरं कोण होणार. घरचं सिम असलेला फोनही तिच्याकडं, रोज चार्ज करायचा. बँकेत सांगून कार्डाचे मेसेज मेलवर पण चालू केले. नेटवर्क जाणार असं वाटलं की गड्यानं जायच्या आधी सांगायचं, कुठं जातोय आणि कधीपर्यंत शांतता धरायची. ती वेळ टळून रात्र उलटली तरच हालचाल, आणि ती पण बँकवालीनं. नवीन देश आला की सिमच्या यादीत तो आहे का बघायचं, युनियनच्या बाहेरचे सर्बिया, बोस्निया, तुर्की, इंग्लंड यांना वेगळंच ई-सिम धरून चालायचं. मोठ्या ग्रुपात फक्त फोटो. आणि आयर्विनचा आकडा रोज सकाळी त्याला पाठवायचा, असेल तो.

लाइव्ह लोकेशन मात्र बंद केलं. यावर अजून एकमत नाही. आयटीवाला म्हणतो ठिपका नसता तर निदान कुठून शोधायचं हे पण कळलं नसतं, आणि त्यात तथ्य आहे. बँकवाली म्हणते ठिपक्यानं शोधायला काही मदत झाली नाही, घाबरवायला तेवढी झाली, सापडला तो बँकेच्या मेसेजनं. पॅरिसपर्यंत ठिपक्याशिवाय नीट पार पडलं, फ्रान्समध्ये शिरल्यावर सिमही आपोआप चालू झालं.

काकूंचं सगळ्यांहून निराळं. त्यांना यातलं काही नको, रोज रात्री झोपायच्या आधी एक फोन पाहिजे, आवाज ऐकायचा. गडी म्हणाला रोज जमणार नाही, एक दिवसाआड. त्यावर काकू म्हणाल्या, मग ज्या दिवशी फोन नाही त्या दिवशी मी बँकवालीच्या घरी झोपायला जाते. आणि खरंच दोनदा गेल्या.